रानातला घोडा, दारातला घोडा

बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेसाठी लिहायचे म्हणजे लसीकरण, स्तनपान, नाहीतर परीक्षेचा ताण, असा आपल्या मंडळात एक अलिखित संकेत आहे. गेली कित्येक वर्षे मी तो इमानेइतबारे पाळत आलो. यंदा मात्र संपादक मंडळाची रीतसर परवानगी काढून घोड्यांवर लिहिण्याचे धाडस करीत आहे. आणि तेही आपल्या होळकरी पागेतल्या घोड्यांवर नव्हे, तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील ओसाड माळरानांवर हिंडणाऱ्या मस्टँग नावाच्या रानघोड्यांवर. मस्टँग म्हटल्यावर तरुण वाचकांना फोर्ड कंपनीची मोटार आठवेल, वयोवृद्धांना दुसऱ्या महायुद्धातले लढाऊ विमान आठवेल, आणि गिर्यारोहकांना नेपाळातला मुस्तांग प्रदेश. पहिल्या दोन नावांचे मूळ हाच घोडा. तिसऱ्याचा याच्याशी काही संबंध नाही.

विषय वाटतो तितका बालरोगशास्त्रापासून दूरचा नाही, कारण या सगळ्या कथेच्या मुळाशी पोलिओ झालेली एक अकरा वर्षांची मुलगी आहे. नेवाडा राज्यातील रेनो गावची व्हेल्मा ही ती मुलगी. १९२३ साली तिला पोलिओने गाठले. सॅन फ्रान्सिस्कोच्या रुग्णालयात तिला कित्येक महिने धडभर प्लॅस्टरमध्ये ठेवण्यात आले. त्यातून ती बाहेर पडली ती पाठ आणि चेहरा कायमचे वाकडे घेऊनच. मी एम. डी. करीत होतो तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकात, पोलिओची मुले आमच्या वॉर्डात असत. कॅलिपर लावून चालणारी मुले बाह्यरुग्ण विभागात रोज दिसत. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी नोंदला गेला. आज माझ्याकडे येणाऱ्या निवासी डॉक्टरांनी पोलिओचा ताजा रुग्ण पाहिलेला नाही, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु व्हेल्माचे बालपण कसे गेले असेल हे त्यांना पुस्तकातून समजून घ्यावे लागते. शाळेत मुले चिडवीत, म्हणून ती घरच्या जनावरांत रमली.

तिच्या वडिलांचा घोड्यांच्या गाड्यांतून मालवाहतूक करण्याचा धंदा होता. ते तान्हे असताना त्यांचे कुटुंब वाळवंट ओलांडून चालले होते आणि त्या प्रवासात एका मस्टँग घोडीच्या दुधावर ते जगले, अशी त्या घरात सांगितली जाणारी कथा होती. कथा खरी की कशी हे कोण सांगणार. मात्र घोडीच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधापेक्षा कमी आणि दुग्धशर्करा अधिक असते, आणि या दोन्ही बाबतींत ते आईच्या दुधाला बरेच जवळचे आहे. स्निग्धांश तेवढा फार कमी. तेव्हा बाळ जगले असेल, पण अंगाने फारसे भरले नसेल, असे माझे व्यावसायिक मत मी येथे नोंदवून ठेवतो.

पुढे व्हेल्मा जॉन्स्टन या नावाने संसार थाटून ती एका विमा कार्यालयात सचिवाचे काम करू लागली. १९५० साली एका सकाळी कामावर जाताना तिला पुढच्या ट्रकमधून रक्त ठिबकताना दिसले. तिने आपली गाडी ट्रकच्या मागे नेली. आत रानातून विमानाने पिटाळून धरलेले घोडे दाटीवाटीने कोंबले होते आणि त्यांच्या पायांखाली एक शिंगरू तुडवले जात होते. हे घोडे कुत्र्यामांजरांच्या डबाबंद खाद्यासाठी कत्तलखान्यात चालले होते. त्या काळी हा उघड आणि कायदेशीर धंदा होता. वाकड्या पाठीच्या या बाईने मग जिल्ह्याच्या सभागृहात, राज्याच्या विधिमंडळात आणि शेवटी वॉशिंग्टनमध्ये हा प्रश्न नेला. विरोधकांनी तिला हिणवण्यासाठी ‘वाइल्ड हॉर्स ॲनी’ म्हटले. तिने तेच नाव अभिमानाने लावले. १९५९ साली विमाने व मोटारी वापरून रानघोड्यांची शिकार करण्यास बंदी करणारा संघीय कायदा झाला. परंतु घोड्यांना संरक्षण असे मिळाले नव्हते. त्यासाठी आणखी बारा वर्षे जावी लागली.

या बारा वर्षांत तिचे खरे सैन्य शाळकरी मुलांचे होते. देशभरातल्या वर्गावर्गांतून मुलांनी आपल्या लोकप्रतिनिधींना पत्रे लिहिली, इतकी की तिथल्या वृत्तपत्रांनी त्याला पेन्सिलींचे युद्ध म्हटले. १५ डिसेंबर १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने सरकारी जमिनींवर मोकळे फिरणारे घोडे आणि गाढवे यांना पकडणे, मारणे वा विकणे हा गुन्हा ठरवला. संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकही मत विरोधात पडले नव्हते. व्हेल्मा जॉन्स्टन १९७७ साली निवर्तल्या.

येथे घोड्यांविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. मस्टँग हा शास्त्रीय अर्थाने रानटी प्राणी नव्हे, तर पुन्हा रानटी झालेला पाळीव प्राणी होय. नावच मुळी मोकाट, बेवारशी जनावर अशा अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून आलेले आहे. गंमत अशी की अश्वकुळाची उत्क्रांती उत्तर अमेरिकेतच साडेपाच कोटी वर्षे चालली होती. मग सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तेथून घोडा नाहीसा झाला. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत तो कॅरिबियन बेटांवर परत आणला आणि १५१९ मध्ये कोर्तेसने सोळा घोडे मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरवले. तेव्हा हा पाहुणा की घरी परतलेला मालक, यावर तिथे आजही कडाक्याचा वाद चालतो. गुरे चारणारे शेतकरी त्याला चारा खाणारा उपरा म्हणतात. घोड्यांचे कैवारी दाखवून देतात की सरकारी कुरणांवर गुरांची संख्या घोड्यांच्या कितीतरी पट आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघेही एकमेकांचे ऐकत नाहीत.

कायद्याने घोडा वाचला आणि मग तो वाढला. त्या माळरानांवर त्याला फारसा शत्रू नाही. पहाडी सिंह थोडी शिंगरे नेतो, इतकेच. कळपाची वाढ वर्षाला पंधरा ते वीस टक्के होते, म्हणजे चार-पाच वर्षांत संख्या दुप्पट. कायदा झाला तेव्हा घोडे आणि गाढवे मिळून सुमारे २५ हजार होती. जमिनीला आणि पाण्याला झेपेल अशी जी संख्या भूव्यवस्थापन खात्याने ठरवली आहे तीही २५ ते २७ हजारांच्याच घरात आहे. प्रत्यक्षात २०२० च्या मार्चमध्ये ती ९५ हजारांवर गेली होती. मोठ्या प्रमाणात धरपकड केल्यानंतर २०२४ साली ७३ हजारांच्या आसपास आली. दहा राज्यांतल्या अडीच कोटींहून अधिक एकरांवर हे घोडे पसरलेले आहेत, त्यांतला मोठा वाटा एकट्या नेवाडात. कोरड्या वर्षी पाणवठे आटतात, तेव्हा घोडी स्वतः हाडांचा सापळा होते आणि शिंगराला दूध राहात नाही. ज्यांनी दुष्काळी भागातले कुपोषण पाहिले आहे त्यांना हे चित्र वेगळे सांगायला नको. प्रेमापोटी ‘त्यांना त्यांच्या नशिबावर सोडा’ म्हणणाऱ्यांचे मला म्हणूनच पटत नाही.

मग हाकारा घालतात. १९७६ च्या दुरुस्तीने सरकारी खात्याला हेलिकॉप्टर वापरण्याची मुभा मिळाली, म्हणजे ज्या आकाशातल्या पाठलागाविरुद्ध व्हेल्माबाई लढल्या तो सरकारी देखरेखीखाली परत आला. हेलिकॉप्टर कळपाला मैलोन्मैल हाकत कापडी भिंतींच्या नरसाळ्यापर्यंत आणते. तेथे एक शिकवलेला घोडा सोडतात. तो बरोबर कोंडवाड्याच्या दिशेने धावतो आणि घाबरलेला कळप त्याच्यामागून आत शिरतो. आपण त्याला फितूर घोडा म्हणू. आत गेल्यावर लसीकरण, जंताचे औषध, रक्ततपासणी, नरांचे खच्चीकरण, आणि मानेवर डाव्या बाजूस कायमची खूण. ही खूण मोठी सुरेख युक्ती आहे. तापलेल्या सळीने डाग देण्याऐवजी द्रव नायट्रोजनमध्ये गार केलेला धातूचा शिक्का त्वचेवर दाबतात. आपले त्वचारोगतज्ज्ञ चामखीळ जाळण्यासाठी जे वापरतात तेच हे. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी तेवढ्या मरतात आणि त्या जागी केस पांढरे उगवतात. कोनांच्या भाषेतील ही अंकलिपी वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या कीथ फॅरेल या पशुवैद्यांनी बसवली. तिच्यातून घोड्याचे जन्मवर्ष आणि नोंदणी क्रमांक वाचता येतो.

लसीकरणाचा उल्लेख ओघात केला, पण त्यात चालढकल झाली तर काय होते याचे उदाहरण फार जुने नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये कोलोरॅडोतील कॅन्यन सिटीच्या आवारात घोड्यांचा इन्फ्लुएंझा शिरला आणि काही आठवड्यांत १४० हून अधिक घोडे दगावले. त्यांतले बहुतेक आदल्या वर्षी एकाच भागातून पकडून आणलेले होते आणि त्यांचे लसीकरण पूर्ण झालेले नव्हते. मोकळ्या रानात जो विषाणू चार घोड्यांना खोकला देऊन गेला असता, तो दाटीच्या आवारात साथ होऊन बसला. वसतिगृहात गोवर शिरला की काय होते हे आपणांस ठाऊक आहेच.

अशा सरकारी आवारांत आणि भाड्याने घेतलेल्या कुरणांत आजमितीस साठ हजारांहून अधिक घोडे आहेत. कार्यक्रमाच्या खर्चापैकी सुमारे दोन-तृतीयांश रक्कम केवळ त्यांच्या दाणावैरणीवर जाते. त्यांतून बाहेर पडण्याची वाट म्हणजे दत्तक योजना. १९७३ साली मोंटाना राज्यातल्या प्रायर पर्वतावरचे २३ घोडे लोकांना देऊन तिची सुरुवात झाली, १९७६ पासून ती देशभर आली, आणि आजवर पावणेतीन लाखांहून अधिक घोडे व गाढवे या मार्गाने घरोघरी गेली.

योजनेचे नियम वाचताना मला आपल्या जुन्या फौजेची आठवण झाली. बारगीर आणि शिलेदार यांतला भेद होळकरांच्या गावात समजावून सांगण्याची गरज नाही. दत्तक घेणारा पहिले वर्षभर बारगीर असतो. घोडा त्याच्या दारात, पण मालकी सरकारची. वर्ष नीट सांभाळले, तशी पशुवैद्याची किंवा अधिकाऱ्याची साक्ष मिळाली, की मालकीपत्र येते आणि तो शिलेदार होतो. घोड्याला किमान चारशे चौरस फुटांचे आवार हवे, निवारा हवा, आणि न शिकवलेला मोठा घोडा असेल तर कुंपण सहा फूट उंच हवे. वर्षाला चारपेक्षा जास्त घोड्यांची मालकी मिळत नाही. दहा वर्षांपेक्षा मोठा झालेला अथवा तीनदा मांडूनही कोणी न घेतलेला घोडा २००४ च्या दुरुस्तीनंतर सरळ विक्रीस काढता येतो. तीनदा नापसंत! हा शब्द वाचला तेव्हा मी पुस्तक क्षणभर मिटून ठेवले होते.

अडचण या शिलेदारीतच आहे. मालकीपत्र हाती पडल्यावर घोडा खासगी मालमत्ता होतो आणि १९७१ च्या कायद्याचे छत्र संपते. अमेरिकेतील शेवटचे घोड्यांचे कत्तलखाने २००७ साली बंद झाले, तरी लिलावातून घोडे विकत घेऊन सरहद्दीपलीकडे मेक्सिकोत आणि कॅनडात नेण्याचा धंदा चालूच राहिला. त्यातच २०१९ मध्ये खात्याला एक कल्पना सुचली: जो कोणी न शिकवलेला घोडा दत्तक घेईल त्याला हजार डॉलर द्यायचे, निम्मे सुरुवातीच्या साठ दिवसांत आणि निम्मे मालकीपत्रानंतर. अपेक्षेप्रमाणे मागणी झपाट्याने वाढली. अपेक्षेप्रमाणेच, असे मी म्हणेन, त्यात नको ती माणसेही आली. एकेका कुटुंबातील चार-चार जणांनी चार-चार घोडे घ्यायचे, वर्षभर कुरणात सोडून द्यायचे, पैसे घ्यायचे, आणि मालकीपत्र मिळताच कत्तलीच्या व्यापाऱ्यांची ये-जा असलेल्या लिलावात उभे करायचे. २०२१ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सने हे चव्हाट्यावर आणले. खात्याने नियम कडक केले, सर्व रक्कम वर्षाअखेरीस देऊ केली. शेवटी २०२५ मध्ये कोलोरॅडोतील संघीय न्यायालयाने ही अनुदान योजनाच रद्द ठरवली.

दत्तक घेणाऱ्याला पैसे देणे हे मुळातच विपरीत. मूल दत्तक देताना आपल्याकडे गृहभेटीचा अहवाल लागतो, पालकांची आर्थिक व मानसिक स्थिती तपासली जाते, आणि मूल घरी गेल्यावरही दोन वर्षे पाठपुरावा होतो. अशा मुलांच्या आरोग्य तपासणीचे अहवाल मी अनेक वर्षे लिहीत आलो आहे. कागदांचा ढीग पाहून कंटाळलेले दांपत्य मला विचारते, ‘डॉक्टरसाहेब, एवढे कशाला?’ त्यांना मी म्हणतो, ज्याला कंटाळा येतो तो इथेच गळावा म्हणून. (ओघात एक गोष्ट सांगून टाकतो. जनावराच्या बाबतीत दत्तक हा शब्द वापरणे मला मनातून रुचत नाही. दत्तक आलेले चार-पाच वर्षांचे मूल जेव्हा टीव्हीवर ‘वाघ दत्तक घ्या’ ऐकते, तेव्हा त्याच्या डोक्यात काय चालत असेल याचा विचार जाहिरात करणाऱ्यांनी केलेला नसतो. परंतु कायद्यानेच तो शब्द घेतला असल्याने या लेखापुरता तो मीही चालवून घेतला आहे.)

हाच पैसा दुसऱ्या टोकाला लावणारेही लोक निघाले, आणि माझ्या लेखाचा खरा विषय तेच आहेत. त्यांचे म्हणणे साधे होते. घोडा परत येतो, विकला जातो किंवा कुरणात सडतो तो माणसाच्या दुष्टपणामुळे कमी आणि भीतीमुळे अधिक. चारशे किलोंचे घाबरलेले जनावर दारात आणून बांधले तर हौशी माणूस आठवडाभरात हताश होतो. तेव्हा आधी घोडा शिकवा आणि मग द्या. २००१ साली स्थापन झालेल्या मस्टँग हेरिटेज फाउंडेशन या संस्थेने २००७ मध्ये टेक्ससमधील फोर्ट वर्थ येथे शंभर घोडे, शंभर शिक्षक आणि शंभर दिवस अशी स्पर्धा भरवली. कधीही माणसाचा हात न लागलेले शंभर घोडे शिक्षकांना चिठ्ठ्या टाकून वाटून दिले. शंभर दिवसांनी ते खोगीर चढवून रिंगणात आले आणि तेथल्या तेथे लोकांनी ते नेले. या स्पर्धेवर २०११ साली ‘वाइल्ड हॉर्स, वाइल्ड राइड’ हा सुरेख माहितीपट निघाला. त्याच वर्षी, म्हणजे २००७ मध्येच, संस्थेने शिक्षकांना घोड्यामागे मेहनताना देण्याची योजना सुरू केली. अटी मोजक्या होत्या: घोड्याला मोहरकी घालता यावी, दोरीने चालवता यावे, चारही पाय उचलू द्यावेत, आणि वाहून नेण्याच्या गाडीत शांतपणे चढावे-उतरावे. स्वारीचा आग्रह नाही. माझ्या मते ही अत्यंत शहाणपणाची यादी आहे, कारण नाल मारणारा आणि पशुवैद्य ज्याला हात लावू शकतो तोच घोडा जगतो.

आपल्याकडे घोडा शिकवणाऱ्याला चाबूकस्वार म्हणत, आणि त्या शब्दातच जुनी पद्धत आहे. पश्चिम अमेरिकेतही ती तशीच होती. घोडा खांबाला करकचून बांधायचा, वर बसायचे, आणि तो उधळून उधळून हरेपर्यंत उतरायचे नाही. टॉम डोरन्स आणि रे हंट या दोन गुराख्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही समजूत उलटी केली. त्यांची पद्धत मला नेवाडात प्रत्यक्ष पाहायला मिळाली. माझी धाकटी बहीण रेनोला असते. २०१८ साली तिच्याकडे गेलो असताना मेहुण्यांनी मला कार्सन सिटीच्या कारागृहाच्या आवारात नेले. तेथे शिक्षा भोगणारे कैदी रानघोडे शिकवीत आणि ते घोडे जाहीर बोलीने दत्तक दिले जात. कैद्यांकडून घोडे शिकवण्याचा हा प्रयोग कॅन्यन सिटीत १९८६ साली सुरू झाला, नंतर वायोमिंग, नेवाडा, ॲरिझोना अशा राज्यांत पसरला. ‘द मस्टँग’ हा २०१९ चा चित्रपट याच पार्श्वभूमीवर आहे.

गोल रिंगणाच्या मध्यभागी साधारण तिशीचा, दंडभर गोंदवलेला एक तरुण उभा होता आणि कडेकडेने एक तांबूस रंगाचा घोडा धावत होता. हा घोडा बोलीसाठी नव्हता. नुकताच रानातून आलेला, लोकांना सुरुवात कशी होते हे दाखवण्यासाठी. तरुण त्याच्याकडे सरळ पाहातसुद्धा नव्हता. घोडा हे भक्ष्य-प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि नाकासमोरची व शेपटीमागची चिंचोळी पट्टी सोडली तर त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. (राजवाड्यासमोरच्या टांग्यांच्या घोड्यांना झापडे का लावीत, हे लहानपणी पडलेले कोडे मला असे उशिरा सुटले.) दोन्ही डोळे रोखून सरळ चाल करून येतो तो शिकारी, एवढे त्याला जन्मतः ठाऊक असते. म्हणून तरुण तिरका उभा होता, खांदा त्याच्याकडे करून. तो एक पाऊल टाकी. घोडा बिथरला की थांबे. घोड्याने क्षणभर कान त्याच्याकडे वळवले की लगेच एक पाऊल मागे घेई. सगळे मर्म त्या मागे घेतलेल्या पावलात होते. पुढे येण्याने घोड्यावर दाब येतो, पण तो शिकतो दाब निघून जातो त्या क्षणी. दाब वेळेवर निघाला नाही तर घोडा फक्त पळायला शिकतो.

पाऊण तास झाला. माझ्या शेजारची पोरे कंटाळून जिलबीसारख्या तळलेल्या कसल्याशा पदार्थाच्या गाड्याकडे निघून गेली. मी हललो नाही. घोड्याने शेवटी चालणे थांबवले, मान खाली घातली आणि ओठ चाटले. तरुणाने लांब वेताची काठी पुढे केली आणि तिच्या टोकाने मानेच्या मुळाशी, खांद्याच्या उंचवट्यावर हलकेच खाजवले. घोडे एकमेकांना याच जागी खाजवतात. तेथे खाजवल्यास घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात असे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजून दाखवलेले आहे. काठी हळूहळू आखूड झाली. अखेरीस तिच्या जागी हात आला. कातडी एकदा सर्वांगभर थरारली आणि घोडा तसाच उभा राहिला.

मी ज्या पद्धतीने दोन वर्षांचे रडणारे मूल तपासतो ती याहून वेगळी नाही. दारातून आत येताच त्याच्या डोळ्यांत पाहायचे नाही, आईशी बोलायचे, स्टेथोस्कोप आधी आईच्या हाताला किंवा बाहुलीला लावायचा, मूल आक्रसले की हात मागे घ्यायचा. आमच्या गुरूंनी हे तीस वर्षांपूर्वी शिकवले होते. त्याचे कारण मात्र मला त्या रिंगणाच्या कठड्यावर रेलून उभे असताना नीट उमगले.

नंतर शिकवून तयार असलेल्या घोड्यांवर कैदी स्वार होऊन आले. बोली दीडशे डॉलरपासून सुरू झाली. सुमारे चार महिने ज्याने घोडा घडवला त्यालाच तो बोलीच्या वेळी फिरवून दाखवावा लागतो. एका कैद्याचा घोडा एका वृद्ध जोडप्याने घेतला. तो खाली उतरला, बाईंना बराच वेळ काहीतरी समजावून सांगत राहिला, आणि मग त्याने लगाम त्यांच्या हातात दिला. त्याची सुटका अजून दोन वर्षांवर होती, असे मेहुण्यांनी कोणाकडून तरी विचारून घेतले. असे कैदी सुटल्यावर पुन्हा गुन्ह्याकडे वळत नाहीत, असा दावा अनेकदा केला जातो. वागणूक चांगली असलेल्यांनाच हे काम मिळते, तेव्हा घोड्याचे श्रेय किती आणि निवडीचे किती हे वेगळे काढणे अवघड आहे. माझ्या डॉक्टरी मनाला ही शंका सोडवत नाही. परंतु तो लगाम देतानाचा चेहरा मी पाहिला आहे.

मुले आणि मस्टँग यांविषयी एक सावधगिरीचा शब्द. या स्पर्धांमध्ये आठ ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी वेगळा गट असे आणि त्यांना वर्ष-दीड वर्षाची शिंगरे देत. स्वारी नाही, हाताने धरून चालवणे एवढेच. हे योग्यच आहे. परंतु मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी घोडेस्वारीचे उपचार असतात हे ऐकून कोणी परदेशस्थ आजोबा नातवासाठी रानघोडा घेऊ म्हणतील, तर त्यांना मी थांबवीन. त्या उपचारांना वर्षानुवर्षे माणसांत वावरलेला, दचकणे विसरलेला घोडा लागतो. शिरस्त्राणाशिवाय तर कोणत्याच घोड्यावर मूल बसवू नये.

शिकवून दत्तक देण्याने प्रश्न सुटेल का? गणित पाहता एकट्याने सुटणार नाही. दरवर्षी रानात जन्मणारी शिंगरे घ्यायला तितके शहाणे घरमालक मिळणे शक्य नाही. २०१३ साली तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने स्पष्ट सांगितले की घोडे नुसते उचलून नेल्याने मागे राहिलेल्यांना चारा वाढतो आणि ते अधिकच जोमाने वाढतात; तेव्हा गर्भनिरोधनावर भर द्या. त्याचे साधनही उपलब्ध आहे. डुकराच्या अंडपेशीभोवतीच्या आवरणातील प्रथिनांची लस घोडीला दिली की तिच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होतात आणि शुक्रजंतू अंडपेशीला चिकटू शकत नाही. जे कर्कपॅट्रिक यांनी १९८८ पासून अटलांटिक किनाऱ्यावरच्या ॲसाटीग बेटावर ती दुरून बंदुकीने टोचून दाखवली. आपल्या डॉ. गुरसरन प्रसाद तलवार यांनी दिल्लीत स्त्रियांसाठी गर्भनिरोधक लशीवर आयुष्य वेचले, हे येथे आठवल्याशिवाय राहात नाही; प्रतिजन निराळे, विचार तोच. घोड्यांच्या लशीची अडचण अशी की ती पुन्हा पुन्हा टोचावी लागते, आणि हजारो चौरस मैलांच्या वाळवंटात तीच घोडी दरवर्षी कशी गाठायची? आपल्या आरोग्यसेविकांना विचारा. दुसरा डोस चुकलेली मुले शोधायला त्या किती उन्हातान्हात फिरतात.

तरीही रेनोच्या पूर्वेकडील व्हर्जिनिया डोंगररांगेत हे काम स्वयंसेवक करीत आले आहेत. तेथले सुमारे तीन हजार घोडे संघीय कायद्याखाली येत नाहीत, राज्याच्या अखत्यारीत येतात; २०१९ पासून स्वयंसेवी संस्थेची माणसे एकेका घोडीचा फोटो आणि नोंद ठेवून त्यांना लस टोचत आहेत. माझी बहीण त्यांतल्या वह्या भरण्याच्या कामाला कधी कधी जाते. घोडीच्या कपाळावरचा ठिपका, पायांवरचे पांढरे मोजे, सोबतचे शिंगरू, मागच्या लशीची तारीख असे रकाने असतात. तिने पाठवलेले एक पान पाहून मला आमचे लसीकरणाचे कार्डच आठवले.

आपल्या मंडळातील बऱ्याच जणांची मुले तिकडे पश्चिमेला आहेत. मे-जूनमध्ये जाणे झाल्यास रेनोहून अर्ध्या तासावर हे घोडे रस्त्यावरूनही दिसतात. त्या दिवसांत शिंगरे लहान असतात. गाडी कडेला घ्यावी, आवाज करू नये, आणि उतरल्यास बरेच अंतर राखावे. गाजरे आणि सफरचंदे गाडीतच राहू द्यावीत. रस्त्याकडेला खाऊ मिळतो हे कळलेला घोडा रस्त्याकडेलाच येऊ लागतो आणि मोटारीखाली जातो. म्हणून नेवाडात रानघोड्याला खायला घालणे हा गुन्हा आहे.